पंचवीस हजार मीटर आणि बावन्न सेकंद

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग मुंबईच्या उपनगरातल्या एका डेपोत होती. डेपोचं नाव सांगत नाही, ती सवय नोकरीबरोबर सुटली नाही. कांदिवली स्टेशनवरून रिक्षाने पंधरा मिनिटं, एवढं पुरे. आमची इन्फंट्री बटालियन तेव्हा दक्षिणेत पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब, होती. तिच्या खेळाडूंची एक छोटी तुकडी, म्हणजे स्पोर्ट्स सेल, या डेपोत राहायची, कारण जवळच सिंथेटिक ट्रॅक असलेलं मैदान होतं. मी नायब सुभेदार आणि या सेलचा जेसीओ. जेसीओ म्हणजे जवान आणि ऑफिसर यांच्या मधला माणूस, दोन्हीकडून ऐकून घेणारा. शाळेत लंगडी सोडून मी काही खेळलो नव्हतो. पण आर्मीत हुकूम निघाला की माणूस त्या विषयातला जाणकार होतो, तसा मी पळण्यातला झालो.

हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. आमच्या नायक सिद्धार्थ वाघमारेची गोष्ट हल्ली मोबाइलवर फिरते. एका मेसेजमध्ये त्याने रेकॉर्ड मोडलेला आहे. दुसऱ्यात तो परदेशात पळतोय. तिसऱ्यात तो म्हणे हसत हसत थांबला. मी तिथे होतो. त्याच्यापासून दहा पावलांवर, फेऱ्या मोजत. रेकॉर्ड मोडला नाही, मैदान कांदिवलीचं होतं आणि हसत तर तो अजिबात नव्हता. म्हणून जे झालं तेवढं सांगतो. मीठ-मसाला हवा असेल त्यांनी मेसेजच वाचावेत.

सिद्धार्थ घाटकोपरचा. मूळ गाव परभणीकडचं, पण वडील बस डेपोत मेकॅनिक म्हणून लागले तेव्हापासून घर घाटकोपरला, टेकडीच्या उतारावर. तिथल्या पायऱ्या चढून-उतरूनच माझी छाती तयार झाली, असं तो सांगायचा. बायको रोहिणी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. सकाळी सहापासून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. दोघांचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, आणि त्या जानेवारीत तिला सहावा महिना होता. सिद्धार्थ आठवडाभर आमच्याबरोबर बरॅकमध्ये, आणि रविवारी घरी. रविवारी संध्याकाळी परत यायचा तेव्हा सेलमधल्या सगळ्यांसाठी डबा असायचा. डब्याची वाट वाघमारेपेक्षा जास्त बघितली जायची.

सेलचा दिवस ठरलेला. पाच वाजता रांगेत फॉल-इन, साडेपाचला ट्रॅकवर, आठला नाश्ता, मग डेपोची कामं, चारला परत ट्रॅक. सिद्धार्थ दहा हजार मीटर पळायचा. त्याच्या पळण्यात एक गुण होता आणि एक दोष. गुण असा की त्याला एक गती दिली की तो ती सोडायचा नाही. मी डोळे मिटून घड्याळ दाबलं तरी फेरी शहात्तर सेकंदांची निघायची. दोष असा की शेवटच्या दोन फेऱ्यांत बाकीचे जी उसळी मारतात, ती याच्याकडे नव्हती. त्यामुळे स्पर्धा कुठलीही असो, वाघमारे चौथा. चौथ्याला कोणी मेडल देत नाही.

आमचे स्पोर्ट्स ऑफिसर कॅप्टन निंबाळकर. वयाने लहान, डोक्याने तल्लख, बोलण्यात साहेबी नाही. डिसेंबरमध्ये त्यांनी मला आणि सिद्धार्थला बोलावलं आणि सरळ मुद्दा मांडला. बटालियन एप्रिलमध्ये वर जाणार होती, हाय अल्टिट्यूडला. स्पोर्ट्स सेल बंद होणार होता. फक्त एका खेळाडूला डेपोत आणखी दोन वर्षं ठेवायची परवानगी आली होती. मेडल किंवा रेकॉर्ड ज्याच्या नावावर, त्याची ती जागा. बाकीचे बटालियनबरोबर जाणार.

सिद्धार्थच्या डोक्यात काय चाललंय ते आम्हा दोघांनाही कळलं. बाळंतपण एप्रिलच्या शेवटी होतं. कांदिवलीहून घाटकोपर दीड तास. वरच्या पोस्टवरून घाटकोपर म्हणजे हवा चांगली असली तर पाच दिवस.

कॅप्टन साहेबांनी उपायही सांगितला. पाच हजार, दहा हजार, मॅरेथॉन, इथे देशभरातल्या पोरांची रांग लागलेली. तिथे वाघमारे चौथाच राहणार. पण ट्रॅकवर पंचवीस हजार आणि तीस हजार मीटर असेही प्रकार आहेत. त्यांचे रेकॉर्ड ठेवले जातात, पण पळायला कोणी जात नाही. मोठ्या स्पर्धांत ते नसतात, मेडल नसतं, बघायला कुत्रं येत नाही. पंचवीस हजार मीटर म्हणजे चारशेच्या गोलावर साडेबासष्ट फेऱ्या. बघणाऱ्याला चक्कर यावी. आमच्या कमांडचा, म्हणजे आर्मीच्या आमच्या विभागाचा, पंचवीस हजारचा रेकॉर्ड कित्येक वर्षं तसाच पडून होता, एक तास एकोणीस मिनिटं चौतीस सेकंद. तो कोणी मोडला नव्हता, कारण मोडायला कोणी गेलंच नव्हतं. आणि एकच गती दीड तास धरून ठेवणारा माणूस आमच्याकडे होता.

बरॅकमध्ये बातमी पोहोचली तशी चेष्टा सुरू झाली. रिकाम्या थेटरात पहिल्या रांगेचं तिकीट काढतोय म्हणाले. एकजण म्हणाला, यार वाघमारे, त्यापेक्षा उलटं पळ, त्याचा रेकॉर्ड तर नसेलच कोणाचा. सिद्धार्थ शांतपणे बूट पुसत होता.

"कोणी पळत नाही म्हणून अंतर थोडी कमी होतं?" तो म्हणाला.

तेव्हापासून चेष्टा बंद झाली. उलट दोघं जण त्याला गती धरून द्यायला तयार झाले, म्हणजे पेसमेकर. पहिले पंधरा किलोमीटर ते पुढे पळणार, वारा खाणार, मग बाजूला होणार.

रेकॉर्ड म्हणजे नुसतं पळणं नसतं, हे मला त्या महिन्यात कळलं. घड्याळं तीन लागतात, तीन वेगळ्या माणसांच्या हातात. फेऱ्या मोजणारे वेगळे. प्रत्येक फेरीची वेळ लिहावी लागते. साडेबासष्टमधली ती अर्धी फेरी मोठी बदमाश असते. सुरुवात मैदानाच्या एका बाजूला आणि शेवट दुसऱ्या बाजूला. त्या घोळात कोणाच्या हातून एक फेरी निसटली की सगळी मेहनत मातीत. म्हणून कॅप्टन साहेबांनी बाहेरचे अधिकारी बोलावले. त्यांचे प्रमुख लेले, विलेपार्ल्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. उन्हाची टोपी, गळ्यात शिट्टी, कमरेच्या पिशवीत दोन जादा घड्याळं. मैदान बघायला आले तेव्हा त्यांनी स्वतः टेपने ट्रॅक मोजला. सरकारने मोजलाय असं मी सांगितलं, तर म्हणाले, असू दे हो, माझ्या समाधानासाठी.

तारीख रविवारची ठरवली. मुद्दाम. मैदानाला लागून एक शाळा होती, तिथे रोज सकाळी लाउडस्पीकरवर प्रार्थना, सूचना, कवायत. रविवारी शाळा बंद. मी स्वतः शाळेच्या शिपायाला विचारून खात्री केली. तो म्हणाला, रविवारी कावळासुद्धा नसतो. शिपायाचंही चुकलं नाही. सव्वीस जानेवारीची तालीम रविवारी घ्यायचं शाळेने आदल्या दिवशी संध्याकाळी ठरवलं, हे त्यालाही दुसऱ्या दिवशीच कळलं असणार.

रविवारी पावणेसातला सुरुवात झाली. हवा झकास होती, थंड आणि पडलेली. पळणारे सहाजण. सिद्धार्थ, आमचे दोन पेसमेकर आणि मुलुंडच्या एका क्लबची तीन पोरं, कारण एकट्याने पळून रेकॉर्ड होत नाही. बघायला सेलमधली पोरं, मुलुंडवाल्यांचे दोघं-तिघं नातेवाईक, आणि वर स्टँडमध्ये एकटी रोहिणी. तिने लॅबमधून सुट्टी घेतली होती. मी तिला खालची खुर्ची देत होतो, पण तिला वरून पूर्ण गोल दिसायला हवा होता.

पहिला तास सांगण्यासारखा नाही, आणि तसाच तो हवा होता. फेरी संपली की सिद्धार्थ माझ्यासमोरून जायचा आणि मी वेळ ओरडायचो. शहात्तर. शहात्तर. पंच्याहत्तर. शहात्तर. पाण्याच्या टेबलावर जवान ओला स्पंज पुढे करायचा, सिद्धार्थ तो मानेवर पिळून फेकायचा. चाळिसाव्या फेरीच्या आत आमचे दोघं पेसमेकर ठरल्याप्रमाणे बाजूला झाले. मुलुंडच्या तिघांपैकी दोघांचे पाय धरले आणि ते बाहेर पडले. तिसरा दोन फेऱ्या मागे होता, पण इमानदारीत पळत होता. पंचेचाळिसाव्या फेरीनंतर लेले माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, पुढे आहे हो तो, वीस-पंचवीस सेकंद. लेले असं बोलणाऱ्यांतले नव्हते. मी कॅप्टन साहेबांकडे बघितलं. ते नखं खात होते.

बावन्न फेऱ्या झाल्या. तीस सेकंद पुढे. साडेदहा फेऱ्या बाकी, आणि सिद्धार्थच्या चेहऱ्यावर अजून ताण नव्हता. मला तेव्हा वाटलं, झालं हे काम. एप्रिलमध्ये हा घाटकोपरला असणार.

तो माझ्यासमोरून गेला. मी पंच्याहत्तर असं ओरडलो. तेवढ्यात भिंतीपलीकडे लाउडस्पीकर खरखरला आणि शाळेच्या मुलांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

सिद्धार्थ थांबला. वेगात होता, त्यामुळे दोन-तीन पावलं पुढे गेला. मग टाचा जुळल्या, मुठी मांड्यांना लागल्या, मान सरळ. छाती भात्यासारखी हलत होती. बाकी काही हलत नव्हतं.

मीही सावधान झालो. आमची सगळी पोरं जिथे होती तिथे उभी राहिली. पाण्याच्या टेबलावरचा जवान हातात स्पंज धरून उभा, आणि स्पंजातलं पाणी त्याच्या बुटावर गळत होतं. लेले उभे राहिले. त्यांच्या हातातलं घड्याळ मला तिरकं दिसत होतं. आकडे पळत होते. मुलुंडचा पोरगा गोंधळला, चार पावलं चालला, इकडेतिकडे बघितलं आणि तोही थांबला. आठशे-हजार मुलं असतील पलीकडे. सूर कुठल्या कुठे जात होता, पण आवाज खणखणीत होता. राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात.

सिव्हिलमधल्या लोकांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो. आमच्या लाइनमध्ये संध्याकाळी झेंडा उतरताना बिगुल वाजला की माणूस असेल तिथे थांबतो. बादली नेणारा बादली खाली ठेवून थांबतो. दाढी करणारा तोंडाला फेस लावून थांबतो. रिक्रूट असताना जो एकदा हलतो, त्याला उस्ताद मैदानाच्या इतक्या फेऱ्या मारायला लावतात की तो पुन्हा हलत नाही. दहा वर्षं हे केलं की ते डोक्यात राहत नाही, पायात उतरतं. तिथे विचार नसतो. भाषणांत याला देशप्रेम म्हणतात. असेलही. मला विचाराल तर ती सवय आहे. चांगली सवय आहे, पण तिला घड्याळ कळत नाही. नंतर पुष्कळ शहाणे भेटले, तालीमच तर होती, पळणाऱ्याने थांबायची काय गरज, असं सांगणारे. गरज नसेलही. त्या क्षणी सिद्धार्थला कोणी पर्याय विचारला नव्हता.

गीत संपलं. सिद्धार्थ निघाला. पण सहासष्ट मिनिटं तापलेले पाय एकदम थांबवले की काय होतं ते पळणाऱ्याला विचारा. पोटरी दगड झाली होती. पहिली फेरी, थांबलेला वेळ सोडून, ब्याऐंशी सेकंदांची. मी तो आकडा ओरडलो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

आणि मग लाउडस्पीकरवर बाईंचा आवाज आला. मागच्या रांगेतल्यांचा आवाज येत नाहीये, परत एकदा घेऊया.

वाट लागली, असं माझ्या शेजारी कोणीतरी म्हणालं. मी बघतो तर कॅप्टन निंबाळकर मैदानातून आडवे पळत सुटले होते. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आणि समोर आठ फूट भिंत. ती भिंत त्यांनी कशी चढली हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. वर बसूनच ते हात जोडून बाईंशी बोलले. पँट गुडघ्यावर टरकली होती. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण लाउडस्पीकर बंद झाला. दोन मिनिटांनी भिंतीवर मुलांची डोकी दिसायला लागली. आधी दहा-बारा, मग भिंतभर. काय चाललंय हे त्यांना अर्धवटच कळलं असणार. पण आठ फेऱ्या बाकी असताना सिद्धार्थ भिंतीच्या बाजूला गेला आणि मुलं ओरडायला लागली. इतकी वर्षं ज्या पळण्याला कोणी बघायला येत नव्हतं, त्याला त्या सकाळी शाळा भरून प्रेक्षक होते.

सिद्धार्थ रेकॉर्डच्या मागे पडला होता, तीस सेकंद. आता ते भरून काढायचे होते. ज्याच्याकडे शेवटची उसळी नाही म्हणून जो जन्मभर चौथा आला, त्याने त्या आठ फेऱ्यांत जे केलं ते मी त्याच्याकडून आधी कधी बघितलं नव्हतं. फेऱ्या कमी सेकंदांत यायला लागल्या. त्याची मान वाकडी झाली, हात रुंद झाले, पळणं सुंदर राहिलं नाही. शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि ती फेरी त्याने अडुसष्ट सेकंदांत काढली. तो रेषा ओलांडून गुडघ्यांवर बसला. मी त्याच्याकडे न जाता आधी लेल्यांकडे गेलो.

तिन्ही घड्याळं जुळली. एक तास एकोणीस मिनिटं पंचेचाळीस सेकंद. अकरा सेकंद कमी पडले होते.

कॅप्टन साहेब धापा टाकत आले. त्यांनी लेल्यांना विचारलं की थांबलेले बावन्न सेकंद वजा करता येतील का, सगळ्यांनी बघितलंय, शंभर साक्षीदार देतो. लेल्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"साहेब, माझ्या हातात असतं तर मी दोन तास वजा केले असते. चालू घड्याळातून वजा करायचा नियमच नाही हो."

सिद्धार्थ पॅव्हेलियनच्या मागे जाऊन ओकला. मग तिथेच पायरीवर बसून रडला. मेसेजमध्ये हे नसतं. मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने मी विचारलं, का थांबलास रे. विचारायला नको होतं, पण तोंडून निघून गेलं.

"मी कुठे थांबलो, साहेब? पाय थांबले," तो म्हणाला.

रोहिणी पायऱ्या उतरून हळूहळू आली. तिने त्याला पाण्याची बाटली दिली, टॉवेल दिला आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला वाकायला लागली. सहावा महिना. सिद्धार्थने तिचा हात धरून तिला वर केलं. शाळेच्या बाई माफी मागायला आल्या, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, तुमचं काय चुकलं त्यात, मुलं छान म्हणत होती.

कॅप्टन साहेबांनी वर सगळीकडे लिहिलं. शाबासकीचं उत्तर आलं, मनापासूनचं. पण जागा एकच होती आणि ती मेडल आणलेल्या एका बॉक्सरला मिळाली. त्या बॉक्सरचंही काही चुकलं नाही, मेडल त्याने मार खाऊन आणलं होतं. मार्चमध्ये सेल गुंडाळला. मी, सिद्धार्थ आणि बाकीचे बटालियनबरोबर वर गेलो.

वरच्या पोस्टवर दिवस कसे जातात ते सांगत बसत नाही. बर्फ वितळवून पाणी करायचं, रॉकेलच्या धुराने थुंकी काळी होते, आणि रेडिओची बॅटरी छातीशी धरून झोपायचं म्हणजे ती गोठत नाही. सिद्धार्थ माझ्याच पोस्टवर होता. एप्रिलच्या शेवटी रेडिओवर निरोप आला, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. त्या दिवशी आम्ही दुधाच्या पावडरीचा शिरा केला. करपला होता, सगळ्यांनी संपवला. जूनमध्ये तो कामासाठी बेसला उतरला, तेव्हा त्याने मोबाइलवर मुलीचा व्हिडिओ बघितला. नाव मैत्री ठेवलं होतं. परत आल्यावर तिने जांभई कशी दिली ते त्याने प्रत्येकाला वेगवेगळं करून दाखवलं.

ऑगस्टमध्ये आमच्या वरच्या पोस्टवर एका जवानाच्या छातीत पाणी भरलं. हवा खराब, हेलिकॉप्टर येत नव्हतं. ऑक्सिजनचे सिलिंडर आमच्याकडे होते. ते वर पोहोचवायचे होते, लवकर. तिघं जण निवडायचे होते. पहिलं नाव कोणाचं घ्यायचं यावर चर्चा झाली नाही, कारण चढावर सिद्धार्थच्या निम्म्या वेगानेही कोणी चालत नव्हतं. तिघं दोरीला बांधून सकाळी निघाले. दुपारी एकच्या सुमाराला रेडिओवर त्याचा आवाज आला.

"सामान पोहोचलं. निघतोय. ओव्हर."

"हवा बघून निघ. घाई नाही. ओव्हर."

"हवा साफ आहे, साहेब. अंधाराआधी येतो. ओव्हर."

आजारी जवान वाचला. आज तो साताऱ्याकडे दुकान चालवतो. परतीच्या वाटेवर उतारावरचा बर्फ सुटला. दोरीवरचे मागचे दोघं कडेला फेकले गेले, ते आम्हाला संध्याकाळपर्यंत जिवंत मिळाले. सिद्धार्थ सगळ्यात पुढे होता. त्याला काढेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

त्याला घेऊन मी घाटकोपरला गेलो. टेकडीच्या त्या पायऱ्या अरुंद आहेत, चौघांनी खांदा देऊन चढणं कठीण. वस्तीतल्या पोरांनी माणसामागे माणूस उभा करून त्याला हातोहात वर नेलं. त्रिसरण, पंचशील झालं. आम्ही सलामी दिली. मैत्री चार महिन्यांची होती आणि झोपली होती. रोहिणीने मला नमस्कार केला आणि एकही प्रश्न विचारला नाही. तिने विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो, कोण जाणे.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता नाहूरला राहतो. घाटकोपर जवळ आहे, महिन्या-दोन महिन्यांनी त्या घरी फेरी होते. रोहिणी त्याच लॅबमध्ये आहे, आता तिच्या हाताखाली सहाजण आहेत. मैत्री सातवीत आहे. तिला पळायला अजिबात आवडत नाही, कॅरम खेळते आणि मला हरवते. लोक तिला विचारतात, बाबांसारखी पळणार ना. ती तोंडावर नाही म्हणून सांगते. मला ते आवडतं.

दर जानेवारीत तिथल्या वस्तीत सिद्धार्थच्या नावाने कार्यक्रम होतो. मनापासून करतात, वर्गणी काढून, खुर्च्या स्वतः लावून. यंदाही झाला. पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी बावन्न सेकंदांची गोष्ट सांगितली. बरीचशी मेसेजमधलीच. क्षणाचाही विचार न करता त्या वीराने हसतमुखाने रेकॉर्डवर पाणी सोडलं, असं म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. स्टेजवर माझ्या शेजारी रोहिणी बसली होती. ती समोर बघत होती, हात मांडीवर.

नंतर मी तिच्या घरी गेलो. मैत्री मैत्रिणींबरोबर खालीच थांबली होती. रोहिणीने चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, काका, एक सांगू का, इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. तुम्ही फौजेतले आहात, तुम्हाला आवडणार नाही.

मी म्हटलं, सांग.

"त्या दिवशी वर स्टँडमध्ये मी पण उभी राहिले होते. पाय सुजलेले, तरी उभी राहिले, हात सरळ. आणि मनात एकच चाललं होतं. पळ. पळ ना रे. काही होत नाही, पळ." तिने पदराने तोंड पुसलं. "दरवर्षी टाळ्या वाजतात. सगळ्यांना अभिमान वाटतो. मला राग येतो त्याचा. मग वाटतं, मी वाईट बाई आहे."

तीस वर्षांच्या नोकरीत काय बोलावं हे कोणीतरी आधी लिहून दिलेलं असायचं.

"रोहिणी," मी म्हटलं, "मी खाली सावधान उभा होतो. डोळ्याची पापणी हलवली नाही. आणि आतून मी पण तेच ओरडत होतो. पळ, गाढवा, पळ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओट्याकडे तोंड फिरवून रडली. माझ्यासमोर ती पहिल्यांदाच रडत होती. मी तिला थांबवलं नाही. माझेही डोळे भरले, ते मी पुसले नाहीत.

त्यानंतर तासभर आम्ही त्याच्याबद्दल बोललो. स्टेजवरच्या वीराबद्दल नाही. तो झोपेत पाय झाडायचा म्हणून रोहिणी भिंतीकडे झोपायची. त्याला दुधीची भाजी चालत नव्हती, पण बरॅकमध्ये सगळ्यांच्या ताटातली दुधी तोच संपवायचा. मुलगा झाला तर काय आणि मुलगी झाली तर काय नाव, यावर त्यांची भांडणं झाली होती, आणि मैत्री हे नाव मुळात त्याचं होतं. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मैत्री वर आली, आमचे चेहरे बघून आईला चिकटून बसली आणि ऐकत राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, माझी हरकत नाही. मला विचारलं तर मी एवढंच सांगेन. नायक सिद्धार्थ वाघमारे चांगला पळायचा. तो आज घरी असायला हवा होता.